श्वासाला दोन बोटं जागा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. गणपती बोळवून, उशिरा घरी येऊन माणसं गाढ झोपली होती. भूकंप ६.२ परिमाणाचा होता. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत हा आकडा फार वरचा नाही. तरीही सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसं दगावली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी ५२ गावं जमीनदोस्त झाली.

एवढी माणसं कशी गेली, या प्रश्नाचं अर्धं उत्तर भूगर्भशास्त्रात आणि अर्धं गवंडीकामात शोधलं गेलं. भूकंपाचं केंद्र जमिनीपासून फारसं खोल नव्हतं आणि घरं दगडमातीची होती. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण भिंत पडणं आणि माणूस मरणं यांच्या मधे आणखी एक गोष्ट घडते आणि ती छातीत घडते. श्वासाचे स्नायू मिनिटाला १२ ते १८ वेळा बरगड्यांचा पिंजरा किंचित फुगवतात. त्यांना त्यासाठी समोर थोडी मोकळी जागा लागते. शांत झोपेत ही जागा काही मिलिमीटरच असते, दीर्घ श्वासाला साधारण दोन बोटं. किल्लारीत घरांनी नेमकी हीच जागा हिरावून घेतली. हे स्नायू कोणते, ते काय करतात आणि कुठे हरतात, ते या प्रकरणात पाहू.

मानेपासून सुरुवात

आरशासमोर उभे राहा आणि मान डावीकडे वळवा. उजव्या कानामागच्या उंचवट्यापासून गळ्याखालच्या खाचेपर्यंत एक जाड स्नायू तिरका उठून दिसेल. डॉक्टर त्याला स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड म्हणतात. खाली त्याला दोन मुळं आहेत. एक छातीच्या मधल्या हाडावर, म्हणजे उरोस्थीवर, आणि दुसरं खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडावर, म्हणजे जत्रुकावर. उजवा स्नायू आकसला की चेहरा डावीकडे वळतो आणि डावा आकसला की उजवीकडे. दोन्ही एकदम आकसले की उशीवरून डोकं उचललं जातं.

याच स्नायूला दुसरंही काम आहे. डोकं स्थिर धरलं तर त्याचं वरचं टोक हलत नाही, मग तो खालचं टोक वर ओढतो. उरोस्थी वर उचलली जाते आणि छाती फुगायला मदत होते. निवांत श्वासात त्याची गरज पडत नाही. दम्याचा जोर वाढला किंवा माणूस धावून आला, की तो कामाला लागतो. म्हणून धाप लागलेल्या माणसाची मान बघूनच अनुभवी डॉक्टर अंदाज बांधतात. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होत असतील, तर रोजची यंत्रणा अपुरी पडू लागली आहे.

त्याच्या मागे खोलवर तीन स्केलीन स्नायू असतात. ते मानेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघून पहिल्या आणि दुसऱ्या बरगडीवर उतरतात. पूर्वी त्यांनाही फक्त अडचणीच्या वेळचे मदतनीस मानत. पुढे स्नायूंतली विद्युत हालचाल मोजणं शक्य झालं, तेव्हा ते निवांत श्वासातही काम करतात हे कळलं. वरच्या दोन बरगड्या ते धरून ठेवतात, म्हणून खालच्या बरगड्यांना उचलायला आधार मिळतो. पुढच्या आणि मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताकडे जाणारी मोठी धमनी आणि चेतांचा जुडगा निघतो. पुढच्या स्केलीनवरून आणखी एक बारीक चेता खाली उतरते. तिचं नाव फ्रेनिक, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

गळ्याच्या अगदी पुढे, श्वासनळीसमोर, पातळ पट्ट्यांसारखे काही स्नायू उरोस्थीपासून वर जातात. वर हनुवटीखाली दुसरा गट असतो. दोन्ही गटांच्या मधे हायॉइड नावाचं नालाच्या आकाराचं छोटं हाड लटकलेलं असतं. ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांध्यानं जोडलेलं नसतं, स्नायू आणि बंधच त्याला तोलून धरतात. घास गिळताना गळ्यावर बोट ठेवा. स्वरयंत्र झटकन वर जाऊन खाली येतं. त्या क्षणी श्वासनळीचं तोंड झाकलं जातं, म्हणून भाकरीचा कण वाट चुकत नाही. पण तोंडात कोरडी माती भरली असेल, तर ही रचना अपुरी पडते. खोकून माती बाहेर फेकायची, तर आधी छातीभर हवा आत घ्यावी लागते.

सगळ्यांत वर, कातडीच्या लगेच खाली प्लॅटिस्मा हा पातळ स्नायू असतो. तो छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला असतो. दात विचकले की गळ्यावर ज्या उभ्या शिरा ताणल्यासारख्या दिसतात, त्या खरं तर याच्या कडा असतात. श्वासाशी त्याचा फारसा संबंध नाही.

छातीवरचे स्नायू आणि तालमीतला जोर

छातीवर सर्वांत मोठा स्नायू पेक्टोरॅलिस मेजर. त्याचा एक भाग जत्रुकापासून निघतो, दुसरा उरोस्थी आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चांपासून. दोन्ही भाग एकमेकांवर पीळ घेत दंडाच्या हाडाच्या वरच्या भागाला चिकटतात. काखेची पुढची जाड कड म्हणजे हाच स्नायू. दंड शरीराकडे ओढणं आणि आत वळवणं ही त्याची मुख्य कामं. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला मिठीत आवळणं, विहिरीतून पोहरा ओढणं, कडब्याची पेंढी काखेत दाबून धरणं, हे सगळं त्याच्या बळावर चालतं. हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल देणाऱ्या लातूर जिल्ह्यात तालमी जुन्या आहेत. तालमीतले जोर हा या स्नायूचा खास व्यायाम, कारण खाली गेलेलं शरीर दंडांवर पुन्हा उचलताना बराचसा भार छातीवर येतो.

त्याच्याखाली पेक्टोरॅलिस मायनर हा लहान त्रिकोणी स्नायू. तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून तो खांद्याच्या फऱ्याच्या टोकाला जाऊन मिळतो. दिवसभर शिलाई यंत्रावर किंवा मोबाइलवर वाकून बसणाऱ्यांत तो आखडतो आणि खांदे पुढे येतात. छातीच्या दोन्ही बाजूंना सेरेटस अँटिरिअर आहे. तो फरा बरगड्यांना घट्ट धरून ठेवतो.

हे तिन्ही हाताचे स्नायू. पण त्यांनाही उलटं काम करता येतं. दमा असलेली आजी खाटेच्या कडेवर दोन्ही हात टेकून, पुढे झुकून बसते. तसं बसायला तिला कुणी शिकवलेलं नसतं. हात टेकले की दंडाकडची टोकं पक्की होतात. आता पेक्टोरॅलिसला दंड हलवता येत नाही, म्हणून तो बरगड्या वर ओढतो आणि हाताचा स्नायू श्वासाच्या मदतीला येतो. आता उलटा विचार करा. ढिगाऱ्याखाली माणसाचे हात शरीराशी जखडले गेले, तर ही मदतही बंद होते. मान दाबली गेली, तर स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडचाही उपयोग उरत नाही.

बरगड्यांची हालचाल

बरगड्यांच्या १२ जोड्या. पहिल्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेनं थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. पुढच्या ३ वरच्या कूर्चेला टेकलेल्या आणि शेवटच्या २ पुढे मोकळ्या. दोन बरगड्यांमधल्या ११ फटींत स्नायूंचे थर असतात. बाहेरचा थर श्वास घेताना बरगड्या उचलतो, आतला मुख्यतः जोरानं श्वास सोडताना त्या खाली ओढतो.

बरगड्या दोन तऱ्हांनी हलतात. शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना हापशाचा दांडा आणि बादलीची कडी अशी नावं दिली आहेत. वरच्या बरगड्या मागे मणक्यावर खिळलेल्या असतात आणि पुढचं टोक वर उचलतात. त्यानं छाती पुढे येते. खालच्या बरगड्या बाजूनं वर उचलल्या जातात, त्यानं छाती रुंद होते. हात छातीवर ठेवून दीर्घ श्वास घ्या आणि मग बरगड्यांच्या खालच्या कडांवर ठेवून घ्या. दोन्ही हालचाली वेगळ्या जाणवतील.

तरीही शांत श्वासाचं बहुतेक काम पडदाच करतो, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. आकसला की तो सपाट होऊन एक-दीड सेंटिमीटर खाली येतो, पोटातले अवयव खाली ढकलतो आणि पोट पुढे येतं. म्हणून झोपलेल्या बाळाचं पोट हलताना दिसतं. या पडद्याला हलवणारी फ्रेनिक चेता कुठून येते? मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतांपासून. गर्भात पडदा मानेजवळ तयार होतो आणि नंतर खाली सरकतो, पण आपली चेता बरोबर ओढत नेतो. म्हणून पाठीचा कणा मानेच्या खालच्या भागात तुटला, तर बरगड्यांमधले स्नायू बंद पडतात आणि पडदा मात्र चालू राहतो. दुखापत पाचव्या चेतेच्या वर झाली, तर पडद्यावरही गदा येते. ढिगाऱ्यातून माणूस ओढताना मान वाकवू नये, सरळ रेषेत धरावी, हा नियम येथून आला.

माळवदाचं वजन

आता किल्लारीकडे येऊ. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत. बाहेर एक आणि आत एक अशी दगडांची दोन तोंडं, आणि मधे तुकडे आणि माती. दोन्ही तोंडांना बांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. वर सागाच्या किंवा बाभळीच्या खणांवर माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घालायची आणि चोपायची. वर्षांमागून वर्षं गेली आणि थर एक-दोन फुटांचा झाला. असं घर उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, शिवाय भिंत जाड म्हणून चोरापासून सुरक्षित. भूकंपाची कल्पना या घरांमागे नव्हती आणि तिथल्या लोकांना ती असण्याचं कारणही नव्हतं. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

जमीन हादरली तेव्हा भिंतींची दोन तोंडं वेगळी झाली, दगड सुटले आणि माळवद खाली आलं. काँक्रीटचा स्लॅब पडला, तर तो अनेकदा कुठेतरी अडकतो आणि त्याच्या कोपऱ्यात पोकळी राहते. दगडमातीचं घर पडलं, तर माती बहुतेक पोकळ्या भरून टाकते.

त्या मातीच्या वजनाचा साधा हिशेब करू. चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला सुमारे १,७०० किलो धरलं, तर फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर थराचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो येतो. माणसाच्या छातीचा पुढचा भाग साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर धरला, तरी त्यावर ४५ किलो वजन. शरीरशास्त्राच्या मापात हा दाब पाण्याच्या ५० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. निवांत श्वासाला स्नायू जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटरची ओढ निर्माण करतात. धडधाकट तरुण पूर्ण ताकद लावून सुमारे १०० सेंटिमीटरपर्यंत जातो, पण ती ताकद एकदोन श्वासांपुरतीच असते. श्वसनस्नायूंना त्यांच्या कमाल ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांपुढचं काम फार वेळ झेपत नाही, ते थकतात. म्हणजे फूटभर मातीखालीच सशक्त माणसाची सीमा ओलांडली जाते. बाई, म्हातारा किंवा लहान मूल यांची सीमा आणखी अलीकडे.

वर आणखी एक अडचण. श्वास सोडताना छाती बसते आणि सैल माती लगेच त्या जागेत उतरते. पुढचा श्वास घ्यायला आधीपेक्षा कमी जागा उरते. पोटावरही माती असेल, तर पडद्याला खाली सरकता येत नाही. मातीच्या घराखाली मरण तीन वाटांनी येतं. एक डोक्याला किंवा कण्याला लागलेला मार, दुसरी नाकातोंडात गेलेली धूळ आणि तिसरी हा छातीचा दाब. तिसऱ्या वाटेवर बाहेरून एकही जखम नसली तरी जीव जातो.

छाती दबल्यावर काय होतं, याचं पहिलं वर्णन १८३७ मध्ये फ्रेंच वैद्य ऑलिव्हिए यांनी केलं. पॅरिसमध्ये गर्दीत चेंगरून मेलेल्या लोकांचे चेहरे त्यांनी पाहिले होते. चेहरा आणि गळा जांभळा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं, छातीच्या खाली मात्र कातडी नेहमीच्या रंगाची. कारण सोपं आहे. छातीवर अचानक दाब आला की हृदयाकडे येणारं रक्त मागे ढकललं जातं. डोक्यातल्या आणि मानेतल्या बहुतेक शिरांना ते अडवायला झडपा नसतात, म्हणून बारीक केशिका फुटतात. मांढरदेवीच्या यात्रेत २००५ मध्ये आणि मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी माणसं चेंगरून गेली, तिथेही धोका हाच होता. उभ्या गर्दीत दाब मातीचा नसून माणसांचा असतो, एवढाच फरक. म्हणून गर्दी दाटू लागली की हात खाली लोंबकळू न देता कोपर वाकवून छातीसमोर आडवे धरावेत. त्यानं छातीसमोर काही बोटांची जागा राखली जाते.

किल्लारीच्या भूकंपात पाचव्या दिवशी लष्कराच्या जवानांनी दीड वर्षाची मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत काढली, ही बातमी तेव्हा देशभर गाजली. ती पलंगाच्या आडोशाला अडकली होती. पलंगानं माळवदाचा भार स्वतःवर घेतला आणि छातीसमोर थोडी पोकळी राहिली. लहान मुलाचा पिंजरा मऊ असतो, बरगड्या लवचिक. त्यामुळे तो सहसा मोडत नाही, पण त्याला दाबायला फार वजनही लागत नाही. अशा शरीराला आडोशाचा फायदा सर्वांत जास्त होतो.

गावातल्या छात्या कशा पाहायच्या

हे स्नायू ओळखता आले, तर त्याचा उपयोग आपत्तीबाहेरही होतो. लहान मुलांच्या न्यूमोनियात फुप्फुसं कडक होतात आणि बाळाला श्वास ओढायला जास्त जोर लागतो. मऊ छाती मग फुगण्याऐवजी खालच्या कडेला आत खेचली जाते. आया म्हणतात, बाळाच्या बरगड्या उडताहेत. आशा कार्यकर्तीला हेच चिन्ह शिकवतात, त्यासोबत श्वास मोजायलाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील, तर तो वेगवान श्वास. छाती आत ओढली जात असेल, तर दवाखाना गाठायला उशीर करायचा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दाखवून दिलं की गावातला शिकवलेला माणूस न्यूमोनिया ओळखून त्यावर औषध देऊ शकतो आणि बालमृत्यू कमी होतात. मोजायची गोष्ट तीच, बरगड्यांची हालचाल.

घर आणि छाती यांचं गणित

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसली आणि जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. नकाशावरचा विभाग बदलायला वेळ लागला, २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात आला. उरलेल्या गावांत जुनी घरं बळकट करण्याचे उपाय सांगितले गेले. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड घाला, भिंतीवर चारही बाजूंनी पट्टा द्या, लाकडी खांबांना तिरके टेकू लावा आणि माळवदावरची माती कमी करा.

हे उपाय अभियंत्यांचे वाटतात, पण शरीरशास्त्राच्या नजरेनंही पाहता येतात. पट्टा आणि आरपार दगड भिंत सहज पडू देत नाहीत. तिरके टेकू छत पडलं तरी खाली पोकळी राखतात. माती कमी केली की कोसळल्यावरचा दाब कमी. माळवदावरून अर्धा फूट माती काढली की छातीवरचे सुमारे २३ किलो कमी होतात. फूटभर मातीखाली थकणाऱ्या स्नायूंना तेवढ्यानं जास्त वेळ मिळू शकतो. शोधपथकाला तेवढ्यात पोहोचता येऊ शकतं.

आणि पथक पोहोचल्यावर काय करावं, त्याचाही क्रम छातीपासून ठरतो. आधी डोकं आणि तोंड मोकळं करायचं, नाकातोंडातली माती बोटानं काढायची. मग छाती आणि पोटावरचा भार हटवायचा, बाकी शरीर अडकलेलं असलं तरी. श्वास चालू झाला की घाई संपत नाही, उलट वेगळी काळजी सुरू होते. अनेक तास दबलेल्या पायाचे किंवा हाताचे स्नायू मरू लागतात आणि त्यांच्यात पोटॅशियम आणि मायोग्लोबिन साठतं. भार एकदम काढला की ते रक्तात मिसळतं, हृदय बिघडतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत वाचलेल्या माणसांत १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी हे ओळखलं. म्हणून दबलेला पाय सोडवण्याआधी शिरेतून सलाइन सुरू करतात. छाती मात्र त्याची वाट पाहत नाही. तिच्यावरचा भार सर्वांत आधी उतरवायचा, कारण मूत्रपिंडासाठी काही तास असतात आणि श्वासासाठी काही मिनिटं.